स्टँडवरचं नोटेशन पुसट दिसतंय? वादक-गायकांसाठी चष्मा आणि डोळ्यांची काळजी, पायरी पायरीने

चाळिशी ओलांडलेल्या साथीदाराला नोटेशन पुसट दिसायला लागलं की तो आधी दिव्यांना दोष देतो. मग झेरॉक्स फिकी आली म्हणतो. स्टँड वीतभर पुढे, दोन बोटं मागे असं सुरू होतं आणि कुठल्याच जागी अक्षर लागत नाही. मी संगीत नाटकांना आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना ऑर्गन-हार्मोनियमची साथ करतो. या सगळ्यातून मी गेलो आहे, आणि आसपासच्या व्हायोलिन, कीबोर्ड, बासरीवाल्यांनाही जाताना पाहिलं आहे. वादकाने चष्मा कसा करून घ्यायचा हे कुणी बसवून सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कारण आधी समजून घ्या. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं आणि जवळचं पाहताना त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो पुरेसा घेता येत नाही. साधारण ४० ते ४५ या वयात हे जाणवायला लागतं आणि साठीपर्यंत जवळचा नंबर वाढत राहतो. हा आजार नाही. पण जवळचा चष्मा देताना पुस्तक हातात धरण्याचं अंतर, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर, गृहीत धरलेलं असतं. आपलं पान बहुधा ६०-७० सेंटिमीटरवर असतं. म्हणूनच वर्तमानपत्र लख्ख दाखवणारा चष्मा स्टँडसमोर बसलं की काही कामाचा राहत नाही. वादकाचा चष्मा त्याच्या पानाच्या अंतराचा हवा. बाकी सगळं यानंतर.

आणि आपल्याकडे तर बारकावे फार. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत मंद्र (खालच्या) सप्तकाचा बिंदू स्वराच्या खाली, तार (वरच्या) सप्तकाचा वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. नजर कमी झाली तरी ‘ध’ हा ‘ध’ म्हणून ओळखू येतो. आधी दिसेनासे होतात ते हे बिंदू आणि रेघा. ओळखीची चीज असेल तर कान सांभाळून घेतो. नवं गाणं तालमीत पहिल्यांदा वाचताना कानाला आधार नसतो, आणि तिथे कोमल धैवताखालची रेघ निसटली की सगळ्यांना थांबावं लागतं.

१. डॉक्टरकडे जाण्याआधी अंतरं मोजा

रोजच्या बैठकीत बसा, वाद्य हातात घ्या, आणि दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. स्वतः मोजू नका. टेप धरताना आपण नकळत वाकतो आणि आकडा पाच-दहा सेंटिमीटरने चुकतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पुढची अंतरं घ्या:

- पानाची सर्वांत वरची ओळ आणि सर्वांत खालची ओळ
- पट्ट्या, किंवा कीबोर्डचा डिस्प्ले
- मुख्य गायक, तबलजी किंवा संगीत संयोजक, म्हणजे ज्याचा इशारा पाहावा लागतो तो

हार्मोनियमवरच ठेवलेली वही साधारण ४५ ते ५५ सेंटिमीटरवर येते, उभा स्टँड ६० ते ७५ वर. पण तुमचा आकडा तुमचाच घ्या, कारण उंची, मांडी घालून बसणं की खुर्ची, स्टँड सरळ की तिरका, यावर तो बदलतो. घरची आणि रंगमंचावरची बैठक वेगळी असेल तर दोन्हीकडे मोजा. नाटकाच्या ऑर्गनवाल्याची तर तीन अंतरं असतात: पट्ट्या, पान आणि रंगमंचावरचा नट. वाजवत असताना बाजूने एक फोटोही काढून ठेवा. मानेचा कोन त्यात दिसतो आणि तो पुढे लागणार आहे.

२. बरोबर काय न्यायचं

- अंतरांची चिठ्ठी आणि तो फोटो
- जुना चष्मा आणि जुन्या नंबराची चिठ्ठी
- नेहमी वाचता ती वही किंवा नोटेशनचं पान, आणि टॅबलेटवर वाचत असाल तर टॅबलेट
- चालू औषधांची यादी (थायरॉईड, रक्तदाब, मधुमेह, दमा, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, काहीही)
- मधुमेह असेल तर अलीकडचे रिपोर्ट
- घरात कुणाला काचबिंदू आहे का याची माहिती
- व्हायोलिन, बासरी यांसारखं उचलून नेता येईल असं वाद्य, आणि घडीचा स्टँड

वाद्य घेऊन दवाखान्यात जायला संकोच वाटतो, मान्य आहे. तरीही न्या. आधी फोन करून सांगितलं आणि गर्दी नसलेली वेळ मागितली तर बहुतेक जण आनंदाने वेळ देतात.

३. आधी डोळा तपासा, मग नंबर

दुकानातल्या यंत्रावर दोन मिनिटांत निघतो तो नंबर. त्याला डोळ्यांची तपासणी म्हणत नाहीत. चाळिशीत पहिल्यांदा चष्मा लागतो तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्याच: डोळ्यातला दाब, बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची पाहणी आणि दृष्टीच्या नसेची अवस्था. नेहमी आढळणारा काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही. तपासल्याशिवाय तो कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार ते सहा तास, कधी त्याहून जास्त वेळ जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांत घुसतो. कार्यक्रमाच्या किंवा तालमीच्या दिवशी ही तपासणी ठेवू नका, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. दुसरं, रक्तातली साखर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा करा, नाहीतर महिन्याभरात तो चुकीचा ठरतो. मधुमेह असलेल्यांनी पडद्याची तपासणी दरवर्षी करायची, नजर चांगली असली तरी.

४. ट्रायल फ्रेम घालून वाजवून पाहा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला. नंबर काढताना गोल, जड अशी ट्रायल फ्रेम नाकावर बसवतात आणि काचा बदलत विचारतात, ‘आता बरं की आता?’ लांबचा तक्ता झाला, जवळचं कार्ड झालं की तपासणी संपते. तिथे थांबवा. म्हणा, ‘मला ६८ सेंटिमीटरवर वाचायचं आहे, त्या अंतराला नंबर पाहू या.’ मग स्टँड त्या अंतरावर मांडा, आपलं पान ठेवा आणि फ्रेम घालून बैठकीत बसा. वाद्य असेल तर ते धरा. वरची ओळ, खालची ओळ, कोपऱ्यातला बिंदू, सगळं वाचा. मग नजर उचलून गायक बसतो तेवढ्या अंतरावर पाहा.

थोडा हिशेब कळला की बोलणं सोपं जातं. चिठ्ठीवर ‘ॲड’ म्हणून जो आकडा असतो, म्हणजे जवळचं दिसण्यासाठी द्यायचा जादा नंबर, त्याने १०० ला भागा. येणारं उत्तर म्हणजे त्या काचेतून स्पष्ट दिसण्याची शेवटची हद्द, सेंटिमीटरमध्ये. ॲड +२.०० असेल तर हद्द ५० सेंटिमीटर. +२.५० ला ४०. या हद्दीपलीकडचं पान कितीही उजेड केला तरी धूसरच दिसतं. +१.५० ला हद्द ६७ सेंटिमीटर, +१.२५ ला ८०. ही हद्द पानाच्या जरा पलीकडे हवी. पान ६८ वर असेल तर +१.२५ पासून पाहायला सुरुवात करा. साठीनंतर डोळ्याची स्वतःची ताकद जवळजवळ उरत नाही, तेव्हा हद्द पानाच्या अगदी लगत आणावी लागते. शेवटचा आकडा अर्थात तपासणाराच ठरवेल.

ही ॲड लांबच्या नंबरात मिळवायची असते. लांबचा −२.०० आणि स्टँडसाठी +१.२५ असेल तर स्टँडच्या चष्म्यात −०.७५ ची काच. यातून एक बिनखर्चाची सोय निघते: ज्यांचा लांबचा नंबर −१.५० च्या आसपास आहे आणि तिरका नंबर (चिठ्ठीवरचा ‘सिलिंडर’) फारसा नाही, त्यांना चष्मा काढला की ६५-७० सेंटिमीटरवरचं पान आपोआप स्वच्छ दिसतं. असे कितीतरी वादक प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेल्या चष्म्यावर खर्च करून मान वाकडी करत बसलेले असतात.

५. काच कोणती

दुकानात बहुतेक वेळा प्रोग्रेसिव्ह सुचवतात. बाजारहाट, मोबाइल, गाडी यांसाठी ती सोयीची आहे. वाजवण्यासाठी मात्र मी ती सुचवत नाही. तिच्यात मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो आणि दोन्ही कडांना प्रतिमा लवते. पान त्या पट्ट्यात आणायला हनुवटी वर करावी लागते, आणि पानाच्या डाव्या टोकाकडून उजव्या टोकाकडे जाताना अख्खी मान फिरवावी लागते. व्हायोलिनवाल्याची हनुवटी वाद्यावर टेकलेली असते. तो मान फिरवणार कशी? चष्मा नवा आहे, सवय होईल, असं सांगतात. घरात वावरताना सवय होतेही. दोन तासांच्या मैफलीनंतर मानेची जी अवस्था होते ती सवयीने जात नाही.

मग पर्याय असे:

*फक्त स्टँडच्या अंतराचा एकेरी चष्मा.* पूर्ण काचेत एकच नंबर, त्यामुळे पान कडेपासून कडेपर्यंत सारखं दिसतं. गायक किंचित धूसर दिसतो, पण हाताचा इशारा आणि चेहरा कळतो. स्वस्त आहे आणि बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी.

*अर्धी फ्रेम.* लांबचा नंबर नसेल तर उत्तम. काचेतून पान, काचेवरून माणसं.

*खास बायफोकल.* ज्यांना संयोजकाचा किंवा नटाचा ओठ न् ओठ पाहावा लागतो त्यांच्यासाठी. वर लांबचा नंबर आणि खाली पुस्तकाचा नव्हे, स्टँडचा. रेघ कुठे यावी हे वाजवायच्या बैठकीत बसूनच आखून घ्या. उभं राहून आखली तर ती नेमकी पानाच्या मध्यावर येते.

*ऑफिस लेन्स.* ही संगणकावर काम करणाऱ्यांसाठी बनते. मधलं अंतर मोठं आणि खाली जवळचं. पान आणि पट्ट्या दोन्ही पाहणाऱ्या कीबोर्डवाल्यांना ती मानवते. लांबचं मात्र तिच्यातून नीट दिसत नाही, त्यामुळे ती घालून गाडी चालवायची नाही.

मेडिकलच्या दुकानात मिळणारा तयार चष्मा पेटीत जादा म्हणून ठेवायला ठीक. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, तिरका नंबर नसतो आणि काचांचे मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर येतील याची खात्री नसते. रोज वापरलात तर डोकं दुखेल.

६. फ्रेम आणि कोटिंग

फ्रेम हलकी आणि घट्ट हवी, घामाने घसरणार नाही अशी. बासरी-व्हायोलिनवाल्यांनी वाद्य धरून फ्रेम घालून पाहावी. जाड कड नेमकी डाव्या बाजूच्या नजरेत येते. परावर्तन कमी करणारं कोटिंग घ्याच. समोरच्या दिव्यांचे ठिपके काचेत दिसत नाहीत आणि प्रेक्षकांना, कॅमेऱ्याला तुमचे डोळे दिसतात. उन्हात काळी होणारी काच रंगमंचाच्या चष्म्याला नको. दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात ती काळी होते आणि पान अंधारतं. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी जादा पैसे देऊ नका. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात, १७ चाचण्या एकत्र पाहून, अशा काचांनी संगणकामुळे येणारा डोळ्यांचा ताण निदान अल्पकाळात तरी साध्या काचांपेक्षा कमी होत नसल्याचं दिसलं.

७. पान आणि उजेड

चष्म्याच्या निम्मं काम कागद करतो. ए-फोर पान झेरॉक्सवाल्याकडून १४१ टक्क्यांवर ए-थ्री करून घ्या. कागद चकचकीत नको. हाताने लिहिणाऱ्यांनी बिंदू जाड पेनाने, रेघा स्वराला न चिकटवता द्याव्यात. स्टँडचा दिवा पानाच्या वर आणि असा लावा की दिव्याचा दाणा ना तुमच्या डोळ्याला दिसेल, ना प्रेक्षकांना. टॅबलेटचा उजेड प्रयोगाच्या अंधारात तपासून कमी करून ठेवा. तालमीच्या खोलीत ठरवलेला उजेड रंगमंचावर डोळ्यांत घुसतो.

८. कोरडे डोळे आणि थेंबांचा मोह

एकटक वाचताना पापण्या मिटणं कमी होतं. त्यात एसीचा झोत आणि रंगमंचावरचं धुराचं मशीन. डोळे चुरचुरतात, मग त्यांतून पाणीही येतं. तालमीत दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहा, पापण्या पूर्ण मिटा, झोताची दिशा बदलून घ्या. गायकांनी हे लक्षात ठेवावं की सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्या घशाबरोबर डोळेही कोरडे करतात.

डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून थेंब आणणं फार धोक्याचं. यातल्या काही थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस पुढेही घालत राहतो, आणि महिनोनमहिने असं चाललं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. लाली घालवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या थेंबांनी औषध बंद केल्यावर लाली दुपटीने परत येते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चालण्यासारखे म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि दिवसातून अनेकदा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले.

९. रंगभूषा आणि कॉन्टॅक्ट लेन्स

काजळाची कांडी आणि ब्रश स्वतःचे, कुणाला द्यायचे नाहीत, कुणाचे घ्यायचे नाहीत. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा. पारंपरिक सुरम्यात शिसं असतं, तो नको. चमकी डोळ्यांजवळ लावू नका. एक कण बुबुळावर ओरखडा काढायला पुरतो. रडण्याच्या प्रसंगाला ग्लिसरीन लावायचं ते पापणीखाली गालावर, डोळ्यात नाही.

लेन्स रंगभूषेआधी घालायची आणि रंग उतरवण्याआधी काढायची. नळाचं पाणी लेन्सला कधीच लावू नका. त्यातल्या अकँथअमीबा नावाच्या जिवामुळे बुबुळाला असा संसर्ग होतो की महिनोनमहिने उपचार चालतात. भूमिकेसाठी घातलेली बिननंबरची रंगीत लेन्ससुद्धा डोळ्याच्या मापाने डॉक्टरकडूनच घ्यावी. आणि दौऱ्यावरच्या मंडळींना खास सांगतो: प्रयोग संपतो, सामान भरलं जातं, बसमध्ये बसताच डोळा लागतो आणि लेन्स रात्रभर डोळ्यात राहते. बसमध्ये चढण्याआधी लेन्स काढायची, मग जेवण.

१०. फुंकून वाजवणारे

ओबो, ट्रम्पेट यांसारखी जास्त जोर लागणारी वाद्यं फुंकताना डोळ्यातला दाब तात्पुरता वाढतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा वादकांमध्ये आयुष्यभराच्या वादनाच्या तासांबरोबर दृष्टीच्या कक्षेत थोडी घट दिसली होती. सनईही ओबोसारखीच दुहेरी पत्तीची. म्हणून सनई, सुंदरी, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांनी डॉक्टरांना वाद्याचं नाव आणि रोजचे तास आवर्जून सांगावेत आणि दाबाची तपासणी वर्षातून एकदा करावी. काचबिंदू असेल तर शीर्षासन बंद. त्यात डोळ्याचा दाब साधारण दुप्पट होतो. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुचवले आणि तुम्हाला दमा असेल तर लगेच सांगा, त्याने श्वासनलिका आवळू शकतात. गायकाला आणि फुंकणाऱ्याला हे परवडणारं नाही.

११. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर

भिंग निवडण्याआधी स्टँडचं अंतर सर्जनना सांगा. सामान्यपणे लांबचं दिसेल असं भिंग बसवतात, आणि मग पानासाठी पुन्हा चष्मा लागतो. वादकाने एका डोळ्याला मधल्या अंतराचं लक्ष्य ठेवण्याविषयी विचारावं. बहुकेंद्री भिंगात चष्मा सुटतो, पण काहींना दिव्यांभोवती वलयं दिसतात. रोज स्पॉटलाइटसमोर बसणाऱ्याने हे तोलूनच होकार द्यावा. फुंकणं, रंगभूषा आणि वजन उचलणं कधी सुरू करायचं ते शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या आणि तारखा त्यानुसार द्या.

१२. कार्यक्रम सोडून जायचं ते केव्हा

अचानक विजा चमकल्यासारखं दिसणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस, नजरेच्या एका बाजूने पडदा सरकत येणं, लाल डोळ्यासह तीव्र दुखणं आणि दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी, लेन्स घालणाऱ्याचा दुखरा लाल डोळा, एका डोळ्याची नजर एकाएकी जाणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, शक्यतो पडद्याचे उपचार होतात अशा रुग्णालयात. मिरवणुकीत वाजवणाऱ्या ढोल-ताशा पथकांनी यात लेझर धरावा. झोत थेट डोळ्यात गेल्याने पडद्याला इजा झाल्याचे प्रकार आपल्याकडे गणेशोत्सवानंतर समोर आले आहेत. झोताच्या उगमाकडे पाहू नका, पथकप्रमुखांनी लेझर लावणाऱ्याला आधीच ताकीद द्यावी, आणि मिरवणुकीनंतर नजरेच्या मधोमध डाग दिसत असेल तर सकाळपर्यंत थांबून तो जातोय का हे पाहत बसू नका. बदली वादकाचा नंबर फोनमध्ये आधीपासून ठेवा, म्हणजे निघताना अडचण येत नाही.